पोटातली चूल

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली सकाळ. पोदेराकडून पाव घेऊन मी घरी परत येत होतो. वाळवंटी नदीवर धुकं इतकं उतरलं होतं की पलीकडच्या काठावरची माडांची रांग नुसत्या पुसट रेघांसारखी दिसत होती. गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या बाजारातून वाड्याकडे वळताना एक बंद पडलेलं गॅरेज लागतं. त्याचं शटर हातभर वर होतं आणि आतून अशी एक वाफ येत होती की माझे पाय तिथेच थबकले. लीद, घाम आणि नाकात झोंबणारा मुताचा वास. हा वास मी सहा वर्षांत घेतला नव्हता, पण नाकाने तो एका क्षणात ओळखला. मी वाकून शटर वर ढकललं.

आत एक पांढरी घोडी उभी होती. लग्नाच्या वरातीसाठी आणलेली, बेळगावकडची, हे उघड होतं. कोपऱ्यात मोत्यांच्या झालरींची झूल आणि तुरा लावलेला मुखवटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. घोडीच्या पाठीवर जाडजूड मिंक ब्लँकेट, तपकिरी रंगाचं, त्यावर दोन वाघ. पोटाखालून सुंभाने आवळून बांधलेलं. तिची मान घामाने काळवंडली होती, खांद्याजवळचे केस चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या. आणि तिच्या पायांपासून चार हातांवर, सिमेंटच्या पोत्यांवर, एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा पोटात पाय घेऊन झोपला होता. अंगावर पातळ चादर. ब्लँकेट त्याचं होतं, ते त्याने घोडीला दिलं होतं.

मोबाईलवर १९ अंश दाखवत होते.

तो धडपडत उठला. मी म्हटलं, "अरे काढ ते आधी! मारशील की तिला!" आवाज गरजेपेक्षा चढला होता, हे बोलतानाच मला कळलं. तो घाबरून सुंभ सोडू लागला आणि सोडता सोडता म्हणाला, "काका, रात्री लई गार पडलं ओ. चोरल्याच्या घाटात तर धुकं हाताला लागत होतं. आजारी पडली तर मालक माझ्यावर येणार." ब्लँकेट निघालं तशी घोडीच्या पाठीवरून वाफ उठली, भाताच्या टोपावरचं झाकण काढल्यावर उठते तशी. मी म्हटलं, शटर पूर्ण उघड, वारा येऊ दे. एवढं सांगून मी निघालो. पाव गार होत होते आणि दुकान उघडायची वेळ झाली होती.

दिवसभर तो पोरगा डोक्यातून गेला नाही. माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप. कॉइल गुंडाळताना हात चालू राहतो आणि मन मोकळं सुटतं. मी सांगितलं त्यात चूक काहीच नव्हतं. तरीही स्वतःचं पांघरूण दुसऱ्याला घालून थंडीत कुडकुडणाऱ्या पोराला सकाळी उठल्या उठल्या मी काय दिलं, तर एक ओरडा. आणि मी कोण त्याला ओरडणारा? हीच चूक मी स्वतः केली होती. त्याच्या दुप्पट वयात, आणि त्याच्याहून कमी माया लावून.

पोर्तुगीज नागरिकत्वाची कागदपत्रं करून आमच्याकडची माणसं जशी विलायतेला गेली तसाच मीही गेलो. स्विंडनला. तिथे रस्त्यावर कोकणी-मराठी ऐकू येते, चवथीला आरत्या होतात, सुके बांगडे मिळतात. गाव सोडल्यासारखं फार वाटत नाही, फक्त सूर्य हरवल्यासारखा वाटतो. आठवडाभर मी गोदामात रात्रपाळी करायचो. शनिवार-रविवारी गावाबाहेरच्या एका तबेल्यात जायचो. घोड्यांचे मालक वेगळे, तबेला चालवणारी बाई वेगळी; महिन्याचं भाडं भरून लोक आपले घोडे तिच्याकडे ठेवायचे. लीद उचलणं, पाणी भरणं, गवत टाकणं, खूर साफ करणं ही माझी कामं. पैसे थोडेच मिळायचे. पण आठवडाभर खोक्यांवर पट्ट्या चिकटवल्यावर कुठल्यातरी जिवंत अंगाला हात लागावा, एवढ्यासाठी मी जायचो.

पहिला हिवाळा मला बर्फाचा वाटला होता. निघाला पावसाचा. दक्षिण इंग्लंडात बर्फ क्वचित, चिखल मात्र नोव्हेंबर ते मार्च. सकाळी आठ वाजून गेले तरी उजाडत नाही आणि चारला दिवेलागण. त्या आठ तासांच्या दिवसात घोडे कुरणात पाठ वाऱ्याकडे करून, शेपूट मागच्या पायांत दाबून, मान खाली घालून उभे असायचे. मला त्यांची दया यायची. अंगावर तीन कपडे आणि वर रेनकोट घालून मी कुंपणापाशी उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, काय ही माणसं, मुक्या जनावराला असं बाहेर ठेवतात.

मालकीणबाई सत्तरीला आलेली, गुडघे दुखणारी, कमी बोलणारी. तिने मला एकदा एका घोड्याच्या अंगात बोटं खुपसायला लावली. केसांच्या मुळापर्यंत. वरचे केस ओले, थंडगार. आणि खाली कातडीपाशी कोरडं, उबदार, आमच्याकडे तणाच्या उडवीत हात घातल्यावर लागतं तसं. थंडी वाढली की ते केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते. ती अडकलेली हवा हीच त्यांची गोधडी. हा कोट थंडी पडल्यावर उगवत नाही, हेही तिनेच सांगितलं. उन्हाळ्यात दिवस लहान व्हायला लागला की घोड्याचं अंग तयारीला लागतं. थंडी पडायच्या कितीतरी आधी, निव्वळ उजेड मोजून. मला हे फार आवडलं होतं. मी आल्यापासून त्या हरवलेल्या सूर्याबद्दल कुरकुरत होतो आणि कुरणातली जनावरं त्याच सूर्याचा हिशोब ठेवून केस वाढवत होती.

एकदाच बर्फ पडला, पुढच्या जानेवारीत. सकाळी गेलो तर एका काळ्या घोड्याच्या पाठीवर चार बोटं बर्फ, पिठाच्या थरासारखा. मी झाडू घेऊन धावलो. बाईने हात धरला. बर्फ वितळला नाही याचा अर्थ आतली ऊब बाहेर गळत नाही, असं म्हणाली. वितळून पाणी झालं असतं तर काळजी. अंगावर पुरता कोट आलेला, धडधाकट, कोरडा घोडा उणे १५ अंशांपर्यंतही अंगातलं काही जादा न जाळता राहू शकतो, म्हणे. त्याला जमत नाही ते पाऊस आणि वारा एकत्र येतात तेव्हा. ओले केस चपटे होतात, अडकलेली हवा जाते, गोधडीच निघून गेल्यासारखं होतं. म्हणून वर छप्पर आणि वाऱ्याच्या बाजूला भिंत एवढं दिलं की त्याचं भागतं. चारी बाजूंनी कोंडलं तर उलट मुताचा तो झोंबरा वास आणि गवताची धूळ त्याच्या छातीत जाऊन बसते. तिथल्या खोल्यांची दारं मधोमध दुभागलेली असायची. खालचा अर्धा बंद आणि वरचा अर्धा कडाक्याच्या रात्रीही सताड उघडा.

पण खरी गोष्ट केसांची नव्हतीच. खरी गोष्ट पोटाची. घोड्याच्या आतड्यात मागच्या बाजूला एक मोठी पिशवी असते आणि तिच्यापुढे जाडजूड मोठं आतडं. खाल्लेलं गवत तिथे आंबतं. इडलीचं पीठ आंबतं तसं सूक्ष्म जिवांच्या हातून, दिवसरात्र, आणि त्या आंबण्यातून ऊब तयार होते. धान्यापेक्षा गवतातून ती जास्त काळ मिळते, म्हणून थंडी वाढली की बाई चंदी वाढवायची नाही, गवत वाढवायची. वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडी वैरण रोजची, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला १० किलो; कडाका पडला की त्याहून जास्त, आणि मुख्य म्हणजे रात्री उशिरा एकदा. रात्री नऊला मी शेवटचं गवत टाकायचो तेव्हा ती म्हणायची, आता चूल पेटली. शब्द तिचा वेगळा होता, इंग्रजी होता. पण मला तो 'चूल' असाच ऐकू आला आणि तसाच लक्षात राहिला. कुठल्याही घोड्याच्या बरगडीमागे, मागच्या मांडीच्या अलीकडे जी खोलगट जागा असते तिथे कान लावला की आतलं ऐकू येतं. गुरगुर, मग लांबून गडगडल्यासारखं, मग वाळूतून पाणी झिरपल्यासारखं. शांत पोट वाईट. बोलतं पोट चांगलं.

हे सगळं मला माहीत झालेलं होतं, आणि तरी मी ते केलं.

रोझी नावाची एक घोडी होती, २६ वर्षांची. घोड्याच्या मानाने फारच म्हातारी. दात झिजलेले, त्यामुळे तिला गवत भिजवून मऊ करून द्यावं लागायचं. केसांचा कोट मोठा असल्याने ती दिसायला गुबगुबीत. हात घालून पाहिलं की मग बरगड्या बोटांना लागायच्या. शनिवार होता, दिवसभर पाऊस. संध्याकाळी मी तिला आत आणलं तेव्हा माझ्या हातमोज्यांतून पाणी पिळून निघत होतं, दात वाजत होते, कानांच्या पाळ्या जाणवत नव्हत्या. खोलीच्या दारावर पांघरुणं टांगलेली असत. त्यांचा जाडपणा आतल्या भरावाच्या ग्रॅमवर मोजतात. मी त्यातलं सगळ्यात जाड, ३०० ग्रॅमचं काढलं आणि तिच्या ओल्या पाठीवर टाकून पट्टे आवळले. तिचं अंग पुसायला हवं होतं. पण मला घरी जायची घाई होती. मला त्या घोडीला काहीतरी जाड घालायचं होतं आणि मग स्वतः कुठेतरी उबेत जाऊन पडायचं होतं.

सकाळी रोझी थरथरत होती. त्या पांघरुणाचा वरचा थर पाणी आत न येऊ देणारा, म्हणजे आतलं बाहेरही न जाऊ देणारा. खाली हात घातला तर फरशी पुसायच्या फडक्यासारखं ओलं. कान थंड. बाईने एक शब्द बोलला नाही. पांघरूण काढलं, कोरड्या पेंढ्याची एक गुंडाळी करून माझ्या हातात दिली आणि दुसरी स्वतः घेतली. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी तिचं अंग घासलं. खरारा करतो त्याहून जोरात, रक्त फिरेपर्यंत. मग तिने पेंढ्याचे मूठमूठ गुच्छ घेऊन रोझीच्या पाठीवर मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत अंथरले, घरावर शाकार करतात तसे, आणि वर एक हलकं जाळीचं पांघरूण टाकून सैल बांधलं. पेंढ्यातून हवा खेळती राहते आणि ओल वर चढते. पुढ्यात कोमट पाण्याची बादली आणि भिजवलेलं गवत. दीड तासाने पाहिलं तर वरच्या जाळीवर दव धरलं होतं आणि खालची कातडी कोरडी. रोझी चघळत होती. बाईने गुडघे धरत खाली बसून तिचे खूर तपासले, आणि तिथूनच, वर न बघता, म्हणाली की थंडी तिला वाजत नव्हती काल, तुला वाजत होती.

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या काळात आई फोनवर बोलायची. फोन लागला की पहिला प्रश्न "जेवलास?" आणि मग "काय जेवलास?" थंडीचं विचारायची ते सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता. मला वाटायचं, हिला इथल्या थंडीची कल्पनाच नाही. मी तिला बर्फाचे फोटो पाठवायचो, ती फोटो बघून म्हणायची, "बरं आहे. पेज करतोस ना रे सकाळी?" एका डिसेंबरात मी तिच्यासाठी तिथून लोकरीचं ब्लँकेट पाठवलं, भारी किमतीचं. ते अजून कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून, घडी न मोडलेलं. ती आपली जुन्या नऊवारीच्या चार पदरी गोधडीत झोपते आणि पहाटे न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली नारळाची सोडणं पेटवून त्यापुढे हात शेकत बसते.

आमच्या घराचं घोड्याशी नातं तसं लाकडी. बाबा शिगम्याच्या सणात घोडेमोडणीच्या नाचाला उतरायचे. डोक्याला फेटा, कमरेला बांधलेला घोडा, पायात घुंगरं, हातात तलवार, आणि ढोल-ताशा लागला की हे सगळं मिळून एकच जनावर व्हायचं. खाली माणूस आणि वर घोडा असं वेगळं दिसायचंच नाही. शिगमो उरकला की घोड्याचं मुंडकं माळ्यावर जायचं. पावसात बुरशी धरू नये म्हणून बाबा ते गोणपाटात, त्यावर जुन्या कांबळात गुंडाळून चुलीच्या वरच्या अंगाला ठेवायचे, धूर लागेल असं. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा विचारलं होतं, त्याला थंडी वाजते का? बाबा म्हणाले, ओल लागते. थंडी आणि ओल यातला हा फरक ते किती सहज बोलून गेले होते. त्या लाकडाला खरं म्हणजे चुलीचा धूर राखायचा, कांबळ नुसतं धुळीसाठी.

खरे घोडे आमच्या भागात पाहायला मिळायचे ते वरातीत किंवा किनाऱ्यावर, पर्यटकांना पाठीवर घेऊन वाळूत फिरताना. पण याच जमिनीवरून एके काळी किती घोडे गेले! इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझहून जहाजं भरभरून घोडे यायचे, गोव्यात उतरायचे आणि घाट चढून विजयनगराकडे जायचे. १५१० नंतर पोर्तुगीजांनी हा व्यापार मुठीत ठेवला, कारण ज्याच्याकडे घोडे त्याच्याकडे दख्खन. नूनिझ नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे की विजयनगरचा राजा वर्षाला १३,००० घोडे विकत घ्यायचा. त्याच्या आधीच्या एका राजाबद्दल तर तो सांगतो की वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी तो जिवंत घोड्याचे पैसे द्यायचा. मी त्या शेपट्यांचा फार विचार करतो. आणि त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या शेवटी, मार्को पोलो दक्षिणेत आला तेव्हा त्याने पाहिलं की लांबून आणलेले हे महागडे घोडे तमिळ मुलखात पटापट मरतात. लोक त्यांना शिजवलेला भात आणि मांस खाऊ घालत होते. इतक्या पैशांच्या जनावराला कोण मुद्दाम उपाशी ठेवेल? आपल्या ताटातलं उत्तमोत्तम तेच त्यांनी त्याच्यापुढे ठेवलं असणार. त्याच्या आतड्याला हवं होतं गवत.

घोडं पेंड कुठे खातं, म्हणतो ना आपण. दुपारी दोनच्या सुमाराला एका पंपाची कॉइल अर्धी गुंडाळून झाली होती, आणि माझा हात थांबला. सकाळचं गॅरेज डोळ्यांपुढे आलं. ब्लँकेट, वाघ, घाम, सुंभ हे सगळं मी पाहिलं होतं. कोपऱ्यात घाटावरून आणलेल्या ज्वारीच्या कडब्याची पेंढी होती, तीही पाहिली होती. आणि तिच्याशेजारी निळी बादली. कोरडी. तळाला धुळीचा थर, म्हणजे रात्रीत रिकामी झालेली नव्हे, भरलेलीच नव्हती. घोडीच्या मागे लीद पडली होती ती लहान, कडक, सुपारीसारखी, वर चिकट चकाकी असलेली. हे सगळं माझ्या डोळ्यांनी टिपलं होतं आणि मी त्याकडे बघितलंच नव्हतं. मी पांघरुणावर ओरडून निघून आलो होतो.

थंडीत घोडे मरतात ते गारठ्याने कमी आणि पोटशुळाने जास्त, हे मी त्या तबेल्यात शंभर वेळा ऐकलं होतं. पाणी थंडगार म्हणून ते कमी पितात, खातात मात्र कोरडं. आतड्याच्या वळणावर ते कोरडं गच्च बसतं, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, वरून वाट बंद. म्हणून तिथे आम्ही सकाळी पाण्यावरचा बर्फाचा पापुद्रा फोडायचो, किटली किटलीने गरम पाणी ओतायचो. एका मोठ्या घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. इथे साखळीला पाण्यावर बर्फ धरायला नको, एका पोराची समजूत पुरेशी होती. शिवाय घोडी रात्रभर ब्लँकेटखाली घामाने निथळलेली. होतं नव्हतं ते पाणीही अंगातून गेलेलं.

मी दुकान ओढून घेतलं.

घोडी शटरपाशी उभी होती. कडब्याला तोंड लावलं नव्हतं. मधूनच मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची आणि वरचा ओठ उचलायची. पोरगा तिच्या समोर उकिडवा बसला होता. म्हणाला, "काका, ब्लँकेट काढलंय ओ मी." मी विचारलं, पाणी कधी दाखवलंस? काल दुपारी, घाट उतरायच्या आधी. का रे? तर थंडीत पाणी पाजलं तर सर्दी होते, छाती धरते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने मनापासून जपलं होतं तिला. मी या वेळी आवाज चढवला नाही. तिच्या कुशीला कान लावला. डावीकडे जरा कुरकुर, उजवीकडे जवळजवळ काहीच नाही. ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते लांब एका गोठ्यावर होते, म्हणाले कडबा उचला, पाणी ठेवा, हळूहळू चालवा, लोळू लागली तर लगेच कळवा, मी येतो.

आमच्या विहिरीचं पाणी डिसेंबरात हाताला कोमट लागतं. दोन कळशा ओढल्या. गव्हाचा कोंडा आणि मूठभर मीठ त्या पाण्यात पातळसर कालवलं आणि बादली तिच्या पुढ्यात धरली. तिने हुंगलं आणि मान फिरवली. पोरगा म्हणाला, "मी देऊ?" आणि तोच हात बादलीत बुडवून तिच्या ओठांना लावायला लागला, एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. सातव्यांदा तिने हात चाटला. मग तोंड बादलीत घातलं. घोडा पाणी पितो तेव्हा प्रत्येक घोटाला त्याचे कान किंचित मागे-पुढे हलतात, पंपाच्या दट्ट्यासारखे. मी ते कान मोजत होतो. पंधरा, सोळा, सतरा. बादली खाली आली.

मग आम्ही तिला चालवलं. बाजाराच्या मागच्या रस्त्याने देवळापर्यंत आणि परत, परत देवळापर्यंत. दिवेलागण झाली, लोक बघत होते, दोघा-तिघांनी विचारलंही की वरात आज आहे का. पोरगा लगाम धरून पुढे आणि मी मागे, तिची शेपटी उचलली जाते का ते बघत. चालताना तो बोलत होता. घोडी त्याची नव्हती, पण तिला शिंगरू असल्यापासून खरारा त्यानेच केलेला. लग्नाचा हंगाम संपला की तो शेतात जातो. तिचं मालकाने ठेवलेलं नाव भारदस्त होतं, पण तो तिला चिमणी म्हणायचा. मी त्याला तळहात ब्लँकेटखाली खांद्यामागे घालून ओल कशी बघायची ते दाखवलं. गोव्याच्या थंडीत तिला पांघरूण लागणारच नाही, कारण ५ अंशांच्या वर घोड्याचं स्वतःचं अंग पुरतं, हेही सांगितलं. भिजली तर मात्र आधी पूस, मग बाकीचं. कुशीला कान लावायला लावला. त्याने कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच उभा राहिला.

डॉक्टर साडेआठला आले. दोन्ही कुशींना, वर आणि खाली, चार ठिकाणी नळी लावून ऐकलं, हिरड्या दाबून पाहिल्या, एक सुई दिली. नाकातून नळी घालून तेल सोडायची वेळ अजून नाही, म्हणाले. पाणी पितेय ना, मग वाट बघा. आम्ही वाट बघितली. तिने आणखी बादलीभर प्यायलं. साडेदहाच्या सुमाराला, मी शटरच्या खांबाला टेकून उभा असताना, शेपटी वर गेली. आधी दोन-चार कडक गोळे, मग थोडं थांबून एक मऊ, हिरवट-पिवळा, वाफाळणारा ढीग. पोराने माझ्याकडे बघितलं. मी हसलो, आणि तो तोंडावर हात घेऊन रडायला लागला.

घरी आलो तर आई जागी होती. हात-पाय धुताना मी तिला सगळं सांगितलं, पाणी, कोंडा, कान, डॉक्टर, लीद. घोडी वाचली गं, म्हटलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि पोरगा जेवला?"

मला उत्तर देता आलं नाही. सकाळपासून मी त्याच्याशी इतकं बोललो होतो, आणि हे विचारलं नव्हतं.

तिने चुलीवरचा टोप पुन्हा ठेवला. भात, कुळथाचं पिठलं, तळलेलं सुकं तारलं, आमसुलाची सोलकढी एका बाटलीत. डबा घेऊन मी परत गेलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. शटर पूर्ण वर होतं, धुकं आत शिरत होतं. घोडीच्या पाठीवर काही नव्हतं. पोरगा दोन वाघांचं ब्लँकेट डोक्यावरून घेऊन बसला होता. मला बघून उठू लागला, मी बस म्हटलं. डब्याचं झाकण उघडल्यावर त्याने आधी चिमणीपुढे मूठभर ओलं गवत टाकलं आणि मग पहिला घास घेतला. मी पोत्यांवर बसलो. अंधारात दोघांच्या चावण्याचा आवाज येत होता, एक मोठा आणि एक लहान.